डबा रिकामा येईल त्या दिवशी

डबा हातात आला की झाकण काढायच्या आधी तो कानाशी धरून हलवायचा, ही सवय मला त्या हिवाळ्यात लागली. आत काही खुळखुळलं की हायसं वाटायचं. नाही खुळखुळलं की झाकणाला हात लावायचा धीर होत नसे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई. काय बिघडू शकतं हे आधी हुडकायचं, ह्याचाच मला पगार मिळतो. पण एका स्टीलच्या डब्याला घाबरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

डबा सासूबाईंचा. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. पुण्याहून आमच्या बॅगेत बसून तो मिशिगनला आला, कारण अमेरिकेत घट्ट झाकणाचे डबे मिळत नाहीत अशी सासूबाईंची खात्री होती. दर शनिवारी सकाळी हा डबा भरून शेजारच्या घरी जायचा आणि दुपारी परत येऊन आमच्या मागच्या पायरीवर बसायचा.

शेजारी एक कवयित्री राहायच्या. वय ऐंशीच्या पुढचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला. त्यांचे वडील इथल्याच एका मोटारीच्या कारखान्यात जन्मभर गाड्यांना दारं बसवत होते, आणि काकूंनी कविता लिहिल्या त्या सगळ्या अशाच माणसांवर: शिफ्ट संपवून आलेल्या, हाताला तेलाचा वास असलेल्या, जेवताना न बोलणाऱ्या. पुढे कॉलेजात शिकवलं, लेख लिहिले. मिशिगनमध्ये त्यांना मान होता. बाहेर फारसं कुणी ओळखत नसे, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं त्या सांगायच्या. मला ते कधीच खरं वाटलं नाही.

त्यांना सगळे नावानं हाक मारत. अगदी त्यांचा पेपर टाकणारासुद्धा. माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि त्यांना 'मिसेस' म्हटलेलं चालत नसे. मग मी वर्षानुवर्षं त्यांना हाकच मारली नाही. काही हवं असलं तर कुंपणाशी जाऊन खोकायचं. घरात आम्ही त्यांना कवीकाकू म्हणायचो.

कवीकाकूंची काम करायची तऱ्हा अशी, की आधी तोंडानं सगळं रचायचं. पानं गोळा करताना, बर्फ ओढताना एकच ओळ पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणत राहायच्या, एखादा शब्द बदलून, कधी तोही न बदलता. पहिल्या वर्षी मला वाटलं, कानात ब्लूटूथ आहे आणि पलीकडच्या माणसाला कमी ऐकू येतंय. ओळ पक्की झाली की मगच ती कागदावर जायची. "मी लिहीत नाही, मी फक्त उतरवून घेते," त्या म्हणायच्या. सगळी भिस्त डोक्यावर. हे तेव्हा मला फार रुबाबदार वाटायचं.

पहिला डबा मी नेला तो मुगाच्या खिचडीचा, त्या फ्लूनं पडल्या होत्या तेव्हा. डबा परत आला तो धुऊनपुसून आणि रिकामा. मी टेस्टर, शिवाय पुणेरी. गप्प बसणं जमलं नाही. पुढच्या वेळी डबा देताना सांगून टाकलं, की आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "का?" मी म्हटलं, "बरं नसतं." त्यांनी विचारलं, "कुणासाठी बरं नसतं? देणाऱ्यासाठी की घेणाऱ्यासाठी?" आईला फोन केला, तर आई म्हणाली, "असले प्रश्न विचारू नयेत."

तेव्हापासून डबा कधी रिकामा आला नाही. टोमॅटो आले, परसातले पेअर आले, मेपलचं लालभडक पान आलं, एकदा निळ्या पक्ष्याचं पीस आलं. त्यावर काकूंनी एक लेख लिहिला, आणि आयुष्यभराच्या कवितांना जे जमलं नव्हतं ते त्या लेखाला जमलं. तो सगळीकडे गेला. माझ्या मुलीच्या शाळेत इंग्रजीच्या वर्गाला लागला. ती घरी येऊन म्हणाली, "मॉम, वुई आर लाइक, फेमस. आजीचा डबा इज इन माय होमवर्क."

मी तो लेख वाचला आणि माझं डोकं फिरलं. लेख सुंदर होता, तोच त्याचा दोष. रीत म्हणजे कृतज्ञता, घेतलेल्याची गोड परतफेड, असं सगळं त्यात साखरेत घोळवलेलं होतं. मी तणतणत कुंपणाशी गेले. म्हटलं, "कृतज्ञता कुठून आणलीत? आमच्याकडे ही भीती आहे. रिकामं भांडं घरात आलं तर त्याच्यामागून काहीतरी येईल, ही भीती. आमच्या बायका घाबरून साखर घालतात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ते ठाऊक आहे. भीती मी कवितेसाठी राखून ठेवलीय." मग ती कविता त्या म्हणू लागल्या, म्हणजे तिचे तुकडे. एक संपूर्ण उन्हाळा कुंपणापलीकडून ते तुकडे ऐकू येत होते.

नंतरच्या पानगळीत डब्यातून वेगळंच यायला लागलं.

आधी आली मेणबत्ती आणि काड्यापेटी. मला वाटलं, दिवाळी जवळ आलीय, त्यांना माहीत असेल, म्हणून दिली असेल. मग आली कात्री. मग गाडीची किल्ली. किल्ली बघून मी चमकले. परत द्यायला गेले, तर त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ती तुझी आहे. डब्यात आलेलं परत करतात का तुमच्यात?" मी म्हटलं, नाही करत. "मग?" आणि दार लावून घेतलं. मी किल्ली मुठीत धरून तशीच परत आले.

नवऱ्यानं ती किल्ली बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "यार, तू हे काय ठेवून घेतलंस? उद्या त्यांची मुलगी म्हणेल, शेजाऱ्यांनी लुबाडलं म्हातारीला. इथे लोक लगेच सू करतात, कोर्टात खेचतात. आपण व्हिसावर आहोत, विसरू नकोस. रिटर्न कर आणि विषय क्लोज कर."

"त्या घेत नाहीयेत," मी म्हटलं.

"मग त्यांच्या मुलीला कॉल कर. आपण कशाला मध्ये पडायचं?"

तो घाबरट आहे असं मी म्हणाले खरं, पण झोंबायचं ते झोंबलंच. मी लक्ष ठेवायला लागले. काकू एकदा बर्फात घरच्या सपाता घालून पत्रपेटीपाशी नुसत्या उभ्या दिसल्या. पेटीचं दार उघडं, हात आत. बराच वेळ तो हात त्यांनी बाहेर काढला नाही. एकदा मला त्यांनी आमच्या आधी आमच्या घरात राहून गेलेल्या बाईचं नाव घेऊन हाक मारली. आणि त्या कवितेचे तुकडे. ओळ पुन्हा पुन्हा यायची, पण आता ती पुढे सरकत नव्हती. जिथे अडायची तिथेच अडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग एका शनिवारी डबा जड लागला. उघडला तर आत गॅसच्या शेगडीचे नॉब. सगळेच्या सगळे, स्वच्छ घासलेले, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेले.

मला दिसलं ते असं: एक बाई वेडाच्या भरात घर मोडून वाटत सुटली आहे, आणि मी दर शनिवारी कृतज्ञतेनं ते स्वीकारते आहे. जॅकेटसुद्धा न घालता मी डबा घेऊन तशीच धावले. काकू स्वयंपाकघरात बसल्या होत्या, पुढ्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं माझं वरण. मी नॉब टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "हे काय आहे? तुम्हाला कळतंय का तुम्ही काय देताय?"

"बस," त्या म्हणाल्या. "ओरडू नकोस. मला कळतंय. कळतंय तोवरच देतेय."

त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांचं बोलणं एका जागीही अडखळलं नाही. गॅस दोनदा चालू राहिला होता. मेणबत्ती पेटवून त्या अंगणात निघून गेल्या होत्या. गाडी घेऊन कॉलेजला निघाल्या, जिथे शिकवणं सोडून जमाना झाला, आणि परतीचा रस्ता एका अनोळखी माणसाला विचारावा लागला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं. "मी ह्या घराचे दात काढतेय एकेक करून," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला इथे थोडं जास्त राहता येईल."

मी विचारलं, मुलीला माहीत आहे का. त्या म्हणाल्या, "तिला कळलं की ती मला उचलून नेईल. चांगल्या ठिकाणी नेईल, कार्पेट असलेल्या. तिथे माझी कविता होणार नाही. ती मला इथे चालताना सुचते, ह्या कुंपणापासून त्या झाडापर्यंत. शेवट तेवढा राहिलाय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "ऐक. जोवर डब्यात काहीतरी येतंय, तोवर समज की मी आहे. काहीही असो, कचरा असो. तोवर तू कुणाला काही सांगायचं नाहीस. ज्या दिवशी डबा रिकामा येईल, त्या दिवशी माझ्या मुलीला फोन करायचा. त्याच दिवशी. मला विचारायला यायचं नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी मुलीचा नंबर मला फोनमध्ये घालायला लावला आणि तो बरोबर पडलाय का हे दोनदा तपासून घेतलं. नॉब परत माझ्या डब्यात भरले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा डोक्याला हात लावून बसला. मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो मेस्ड अप. जस्ट टेल हर डॉटर." दोघांचंही बरोबर असेल. पण त्या बाईनं मला तिच्या घराची राखण सोपवली होती, आणि तीसुद्धा माझीच रीत वापरून. मी मोडणार नव्हते.

तो हिवाळा मी शनिवार ते शनिवार काढला. सकाळी डबा पोचवायचा, त्यांच्या घरात नजर फिरवायची, गॅसचा वास येत नाही ना ते बघायचं. मग दुपारपर्यंत कामात लक्ष नाही. भाजी करपायची. मागच्या दाराच्या काचेतून पायरीकडे बघत राहायचं. त्या डबा ठेवून जाताना मी कधी समोर गेले नाही, ठरलंच होतं तसं. त्या वळल्या की दार उघडायचं, डबा उचलायचा, कानाशी धरायचा. अक्रोडाचं टरफल. खडा. कोटाचं बटण. प्रत्येक वेळी वाटायचं, चला, अजून एक आठवडा. आणि प्रत्येक वेळी वस्तू आधीच्यापेक्षा छोटी असायची.

त्यांच्या मुलीचा मला भयंकर राग यायचा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली, तेव्हा बहुतेक वेळ घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये फोनवर बोलत होती. मोठी कंपनी, मोठं काम. शेगडीला नॉब नाहीत हे तिला दिसलं नसेल? आई गाडी चालवत नाही हे लक्षात आलं नसेल? निघताना तिनं माझ्याकडे बघून हात केला आणि म्हणाली, "थँक्स फॉर द फूड." मी मान हलवली. मनात म्हटलं, तुझ्या आईच्या घराला काय झालंय ते परक्या देशातून आलेल्या बाईला कळतं, तुला कळत नाही. दर आठवड्याला तो नंबर माझ्या खिशात जड होत होता, आणि तिला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

थंडी संपत आली तेव्हा इथल्या लायब्ररीनं काकूंचा सत्कार ठेवला. खुर्च्या भरल्या होत्या. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यातले काही आता स्वतःच म्हातारे. एकानं सांगितलं, माझे वडील कारखान्यात होते आणि ते काय विचार करत असतील हे मला ह्यांच्या कवितेतून कळलं. बोलताना तो रडला. बाई जन्मभर जे करत होती त्याला अर्थ होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, आणि अभिमान वाटला. मग काकू उभ्या राहिल्या आणि डब्याचा लेख वाचायला लागल्या. पहिला परिच्छेद झाला. दुसरा झाला. मग पुन्हा दुसरा. मग पुन्हा तोच, त्याच आवाजात, त्याच ठिकाणी थांबून. माझ्याशेजारची बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, "काय सुंदर परिणाम साधलाय!" चौथ्या वेळी काकूंनी कागदावरून डोळे उचलले, गर्दीत मला शोधलं आणि कागद मिटला. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

गाडीतून परत आणताना मी विचारलं, "कवितेचा शेवट झाला का?" त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "कुठली कविता?" थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गंमत केली." मी हसले. पण ती गंमत नव्हती, हे आम्हा दोघींना समजलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी डब्यात साखर होती. चिमूटभर. मी ती बोटावर घेऊन खाल्ली आणि ओट्याशी उभी राहून रडले.

आणि मग तो शनिवार आला. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. मी साबुदाण्याची खिचडी दिली होती, त्यांना ती आवडायची. दुपारी डबा पायरीवर आला. मी उचलला, कानाशी धरला. आवाज नाही. साखरेचाही आवाज होत नाही, असं स्वतःला सांगितलं. झाकण काढलं. डबा धुतलेला होता, कोरडा केलेला होता, आणि आत माझंच तोंड दिसत होतं, पसरट.

मला विचारायला यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तरी मी गेले. एखादं दाण्याएवढं काही सांडलं असेल, एवढीच आशा. पायरीपासून त्यांच्या दारापर्यंत चिखलात बघत गेले. काही नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगात चांगला स्वेटर. मी डबा पुढे केला. त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला, झाकणावरच्या कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला, आणि अगदी अगत्यानं म्हणाल्या, "अरे, हा माझ्या शेजारणीचा आहे. तुम्ही तिला ओळखता का? फार तापट आहे, पण मनाची चांगली. तिनं मला शिकवलंय, भांडं कधी रिकामं परत करायचं नाही. लोकांना वाटतं हे आभार मानणं आहे. तसं नाही. ती भीती आहे." मग त्यांनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा घाबरला. "ह्यात काहीच नाहीये. थांबा हं. काहीतरी घालते. असं द्यायचं नसतं."

त्या आत गेल्या. कपाटं उघडल्याचा, लावल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मी दारात उभी होते. मला आत जाऊन त्यांना धरायचं होतं, सांगायचं होतं की ती शेजारीण मीच. पण मी दाराची चौकट धरून राहिले. कपाटांचे आवाज थांबले. पलीकडून त्या परत आल्या, हात मोकळे, आणि मला बघून हसल्या.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "कोण हवंय आपल्याला?"

मी चुकून आले असं म्हटलं. घरी येऊन मागच्या पायरीवर बसले आणि फोन काढला. तो नंबर मी कधी लावला नव्हता. कशी सुरुवात करायची ह्याची मनात जुळवाजुळव केली: आधी मी कोण ते सांगायचं, मग किल्ली, मग नॉब, मग मी इतके दिवस गप्प का होते ते. तिनं आरडाओरडा केला तर ऐकून घ्यायचं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

पहिली रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही. तिकडे अजून सकाळ होती. तिनं हॅलो म्हटलं नाही, मी कोण ते विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"रिकामा?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. तिलाही ठाऊक होतं, पहिल्यापासून. काकूंनी तिच्याकडूनही वचन घेतलं होतं, की शेजारणीचा फोन येईपर्यंत आपल्याला न्यायला यायचं नाही. थँक्सगिव्हिंगला ती फोनवर बोलत नव्हती. आईसमोर रडायचं नाही म्हणून ती फोन कानाला लावून ड्राइव्हवेमध्ये उभी होती. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. सबंध हिवाळा दर शनिवारी मी इकडे डबा कानाशी धरत होते, तेव्हा ती तिकडे फोन हातात घेऊन बसलेली असायची.

"हो," मी म्हटलं.